ग्रँट यांनी न लिहिलेले पान

अमेरिकेच्या यादवी युद्धातील विजयी सेनापती आणि दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचा मृत्यू १८८५ मध्ये घशाच्या कर्करोगाने झाला. अखेरच्या दिवसांत त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र आजही वाचले जाते. मात्र आयुष्यभर ज्या एका गोष्टीने त्यांचा पिच्छा पुरवला, त्या मद्याचा त्यात उल्लेख नाही. त्यांनी कोरे ठेवलेले ते पान आज कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर भरले जाणे का गरजेचे आहे, याचा हा शोध.

- खास प्रतिनिधी

जुलै १८८५. न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरील एका बंगलीच्या व्हरांड्यात एक कृश वृद्ध बसलेला आहे. उन्हाळा असूनही डोक्यावर लोकरी टोपी आहे आणि गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला आहे. आवाज जवळजवळ गेलेला. काही सांगायचे असले की तो पेन्सिलीने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहितो आणि समोरच्याच्या हाती देतो. आडवे झाले की घसा भरून येतो, श्वास कोंडतो. म्हणून समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर तो रात्र काढतो. खाली रस्त्याने माणसे येतात, दुरूनच टोपी काढून त्याला मानवंदना देतात आणि निघून जातात.

ज्याच्यासमोर १८६५ मध्ये जनरल रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली आणि ज्याने त्यानंतर आठ वर्षे अमेरिकेचा कारभार हाकला, तो हा युलिसिस ग्रँट. या व्हरांड्यात तो जी लढाई लढत होता, तिचा शेवट त्याला ठाऊक होता. मरण येण्यापूर्वी पुस्तक पूर्ण व्हावे आणि आपल्यामागे पत्नीला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. वडील जेसी ग्रँट कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. मुलाला त्या कारखान्यातील रक्ताचा आणि कातड्यांचा वास असह्य होई. त्याचा जीव रमे तो घोड्यांत. वडिलांनी खटपट करून १८३९ मध्ये त्याला वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत घातले. त्याचे मूळ नाव हायरम युलिसिस. शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीने कागदावर ते चुकीचे लिहिले आणि पुढे जगाने त्याला त्याच नावाने ओळखले. १८४३ मध्ये ३९ जणांच्या तुकडीत एकविसावा क्रमांक मिळवून तो बाहेर पडला. मेक्सिकोच्या युद्धात त्याने चांगली कामगिरी बजावली आणि १८४८ मध्ये ज्युलिया डेंट हिच्याशी त्याचा विवाह झाला.

मद्याशी ग्रँट यांचे नाते कधी बिघडले, हे नेमके सांगणे कठीण आहे. पण ते स्वतः या धोक्याविषयी अनभिज्ञ नव्हते. न्यूयॉर्क राज्यातील सॅकेट्स हार्बर येथे नेमणूक असताना ते एका दारूबंदी संघटनेचे सभासद झाले होते. तिशीही न गाठलेला एक लष्करी अधिकारी आपण होऊन न पिण्याची शपथ घेतो, याचा अर्थ त्याला स्वतःविषयी काही तरी उमगले होते.

त्यानंतर १८५२ मध्ये त्यांच्या पलटणीला पॅसिफिक किनाऱ्याकडे कूच करण्याचा हुकूम झाला. ज्युलिया गर्भवती होती. तिला आणि लहान मुलाला मागे ठेवून ते निघाले. पनामाच्या चिंचोळ्या भूमीवर कॉलऱ्याची साथ उसळली आणि ताफ्यातील अनेक सैनिक व त्यांच्या बायकापोरांना ग्रँट यांच्या डोळ्यांदेखत मरण आले. पुढे ओरेगॉनच्या प्रदेशात आणि १८५४ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील फोर्ट हंबोल्ट या एकाकी ठाण्यावर त्यांची रवानगी झाली. पत्रे महिनोन् महिने येत नसत. धाकट्या मुलाचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. पगार इतका अपुरा की कुटुंबाला बोलावून घेणे अशक्य. पाऊस, धुके, रिकामे दिवस आणि सहज मिळणारी दारू, अशा जागी एप्रिल १८५४ मध्ये त्यांनी कॅप्टनपदाचा राजीनामा दिला.

दारूच्या अमलाखाली कामावर आल्यामुळे वरिष्ठांनी त्यांच्यापुढे राजीनामा किंवा लष्करी चौकशी असे दोनच पर्याय ठेवले, अशी कथा सैन्यात तेव्हापासून सांगितली जाऊ लागली. तिचा अधिकृत पुरावा मिळत नाही आणि इतिहासकारांचे तीविषयी एकमत नाही. ग्रँट यांनी आत्मचरित्रात कारण दिले ते एवढेच, की तुटपुंज्या पगारात कुटुंबाचे पोषण होणार नाही असे त्यांना वाटले. तेही खोटे नव्हते. पण लेखणी तेथे थांबली आणि एक पान कोरे राहिले.

सेनापती आणि त्याचा पहारेकरी

पुढची सहासात वर्षे अपयशाची होती. सेंट लुईसजवळ सासऱ्याच्या जमिनीवर शेती करून पाहिली, ती बुडाली. एकेकाळचा कॅप्टन शहराच्या रस्त्यांवर जळाऊ लाकडे विकताना लोकांनी पाहिला. १८५७ च्या नाताळात त्यांनी आपले सोन्याचे घड्याळ गहाण टाकले. अखेर १८६० मध्ये इलिनॉय राज्यातील गॅलिना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या जोडीने, ते कामाला लागले.

एका वर्षात यादवी युद्ध पेटले आणि हाच माणूस पुन्हा लष्करात परतला. या वेळी त्यांनी सोबत घेतले ते गॅलिना गावचे एक तरुण वकील, जॉन रॉलिन्स, यांना. रॉलिन्स यांच्या वडिलांना दारूचे व्यसन होते. त्या व्यसनाने घराची काय दशा होते हे मुलाने जवळून पाहिले होते आणि मद्याविषयी त्यांच्या मनात कमालीची चीड होती. ते ग्रँट यांचे सहायक अधिकारी झाले आणि त्याचबरोबर त्यांच्या संयमाचे पहारेकरीही. जून १८६३ मध्ये, व्हिक्सबर्गचा वेढा चालू असताना, त्यांनी आपल्या सेनापतीला एक पत्र लिहिले. तंबूपाशी दारूची पेटी दिसली आणि ग्रँट यांनी दिलेला शब्द पाळला नाही तर आपल्याला सेवेतून मोकळे करावे, असा त्याचा आशय होता. हाताखालच्या माणसाने सेनापतीला असे पत्र लिहावे आणि सेनापतीने त्याला दूर न करता आपल्याजवळच ठेवावे, हे लष्करी इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

ग्रँट रोज पिणारे नव्हते. युद्ध ऐन भरात असताना त्यांनी मद्यामुळे सैन्याचा घात केल्याचे दाखवून देता येत नाही. लढाया थंडावलेल्या असत, ज्युलिया दूर असे, हाताला काम नसे, तेव्हा त्यांचा तोल जाई. थोड्याशा दारूनेही जीभ जड होई, इतके त्यांचे शरीर तिला नाजूक होते. पत्नी आणि मुले छावणीत आली की पिणे थांबे. म्हणूनच रॉलिन्स त्यांना तातडीने बोलावून घेत. आज अनेक अभ्यासक ग्रँट यांना मद्यासक्त मानतात; मात्र त्या आसक्तीला त्यांनी बऱ्याच अंशी आवर घातला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतात. व्यसनाधीन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे 'एकच प्याला'तील सुधाकर उभा राहतो. पण प्रत्येक व्यसनी माणूस सुधाकराच्या वाटेने जात नाही. काही जण मोठी कामे पार पाडतात, मानसन्मान मिळवतात, आणि त्यामुळेच त्यांचे पिणे कुणाच्या लक्षात येत नाही. आले तरी कुणी विचारत नाही.

दारूवर पहारा होता. सिगारवर कुणाचाच नव्हता. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनल्सनचा किल्ला पडला आणि ग्रँट एका रात्रीत राष्ट्राचे नायक झाले. लढाईच्या वेळी त्यांच्या हाती सिगार होती असे वृत्तपत्रांनी छापले. वाचकांनी प्रेमापोटी त्यांना सिगारच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. हजारो सिगार छावणीत येऊन पडल्या. तोवर बेताने धूम्रपान करणारे ग्रँट या भेटींमुळे दिवसभर सिगार ओढू लागले आणि ती सवय पुढे दोन दशके टिकली. कौतुकाच्या त्या पेट्यांतूनच त्यांचे मरण घरात आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

राष्ट्राध्यक्ष, मुंबईचा पाहुणा आणि दिवाळखोर

४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग पडले. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे ली यांनी शस्त्रे खाली ठेवली. १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे ग्रँट राष्ट्राध्यक्ष होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराची बाजू त्यांनी घेतली, कु क्लक्स क्लॅनविरुद्ध कायद्याचा बडगा उगारला. त्याच वेळी सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराने त्यांचा कारभार डागाळला. माणसांवर आंधळा विश्वास टाकण्याचा दोष त्यांना अखेरपर्यंत भोवला. रॉलिन्स १८६९ मध्येच क्षयाने गेले. तरीही राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात ग्रँट यांचे पिणे बव्हंशी ताब्यात होते, असे बहुतेक चरित्रकार मानतात.

पद सोडल्यावर ते पत्नीसह जगाच्या सफरीवर निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांची बोट मुंबईला लागली. मलबार पॉइंटच्या टोकावरील गव्हर्नरांच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. तेथून आग्रा, जयपूर, दिल्ली, बनारस करीत ते कलकत्त्याला गेले. कलकत्त्यात त्यांनी मेजवानीत अतोनात मद्य घेऊन गैरवर्तन केले, अशी हकीकत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या नावे सांगितली जाते. तीवर अनेक अभ्यासकांचा विश्वास नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वी चिकटलेला शिक्का समुद्र ओलांडून भारतातही त्यांच्या मागे आला, एवढे मात्र त्यातून दिसते. व्यसनाचा कलंक व्यसनाहून दीर्घायुषी असतो.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी सारी पुंजी मुलाच्या भागीदारीतील ग्रँट अँड वॉर्ड या पेढीत गुंतवली. फर्डिनंड वॉर्ड हा भागीदार ठक निघाला. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. पेढी सावरण्यासाठी ग्रँट यांनी विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून आदल्याच दिवसांत दीड लाख डॉलर उसने आणले होते, तेही बुडाले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्षाच्या घरात रोजच्या खर्चापुरते काही डॉलर उरले.

पीच फळाचा घास

पेढी बुडाल्यानंतर काही आठवड्यांतच, समुद्रकाठच्या लाँग ब्रँच येथील घरी पीच फळ खाताना ग्रँट यांच्या घशात एकाएकी तीव्र कळ आली. फळातील एखादा किडा डसला असावा असे त्यांना वाटले. दुखणे थांबले नाही. शेजारी पाहुणे म्हणून आलेल्या डॉ. डा कोस्टा यांनी घसा पाहिला आणि विलंब न लावता आपल्या डॉक्टरांना गाठण्याचा सल्ला दिला. पण ग्रँट यांचे डॉक्टर युरोपात होते. शिवाय उत्पन्नासाठी 'सेंच्युरी' मासिकाकरिता युद्धावरचे लेख लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. दुखणे अंगावर काढले गेले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा कुठे ते डॉ. जॉन डग्लस या घशाच्या तज्ज्ञांपुढे बसले. पहिल्या कळेला तोवर जवळजवळ पाच महिने लोटले होते.

टाळ्याच्या मागच्या बाजूला, जिभेच्या मुळाजवळ आणि टॉन्सिलच्या परिसरात गाठ होती. मानेतील ग्रंथीही सुजली होती. १८८५ च्या आरंभी तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आला आणि कर्करोगाचे निदान पक्के झाले. शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेचा विचार केला. पण जीभ आणि टाळूचा मोठा भाग काढूनही रोग हटण्याची आशा नव्हती, म्हणून तो बेत सोडण्यात आला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. किरणोपचार नव्हते, केमोथेरपी नव्हती. हाती होती ती वेदना कमी करण्याची साधने.

त्यांतले एक साधन अगदी नवे होते. १८८४ च्या सप्टेंबरमध्येच कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नातील कार्ल कोलर यांचे संशोधन जगापुढे आले होते. काही महिन्यांतच ते द्रावण ग्रँट यांच्या घशाला लावले जाऊ लागले. रात्री झोपेसाठी मॉर्फिन टोचले जाई. गुळण्या, आयोडोफॉर्म, घसा साफ करणे हे रोजचेच होते. सिगार बंद झाली, पण फार उशिरा.

या काळात मद्याने त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा प्रवेश केला, तो औषध म्हणून. मार्च अखेर आणि एप्रिलच्या आरंभी त्यांची प्रकृती इतकी ढासळली की घरच्यांनी आशा सोडली. धर्मोपदेशक न्यूमन यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. डॉक्टरांनी ब्रँडीची इंजेक्शने दिली. रुग्ण सावरला. न्यूमन यांनी त्याचे श्रेय प्रार्थनेला दिले, डॉक्टरांनी ब्रँडीला. उत्तेजक म्हणून ब्रँडी देणे ही त्या काळची सर्वमान्य पद्धत होती आणि तीत कुणाला वावगे वाटले नाही. हृदयाला बळ मिळते या समजुतीने आजही काही घरांत रुग्णाला चमचाभर ब्रँडी पाजली जाते. आधुनिक वैद्यक त्याला उपचार मानत नाही.

दुहेरी धोका

ग्रँट यांच्या कर्करोगात मद्याचा वाटा किती? एका माणसाच्या बाबतीत असा हिशेब कधीच मांडता येत नाही. सिगार हे मुख्य कारण असावे, यावर फारसा वाद नाही. घशाच्या या भागातील कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळेही होतात, हे आज आपल्याला माहीत आहे. ग्रँट यांच्या बाबतीत ते तपासण्याचे साधन नव्हते. पण मद्य आणि तंबाखू एकत्र आले की काय होते, हे वैद्यकाने पुरेसे सिद्ध केले आहे.

मद्यातील इथेनॉलचे शरीरात ॲसिटाल्डिहाइड होते. हे रसायन पेशींच्या डीएनएला इजा करते आणि ती इजा दुरुस्त होण्यात अडथळा आणते. तोंडातील जिवाणूही ते तयार करतात, म्हणून लाळेत त्याचे प्रमाण मोठे राहते. शिवाय मद्यामुळे तोंडाचे व घशाचे अस्तर अधिक पारगम्य होते आणि तंबाखूतील विषारी द्रव्यांना आत शिरण्यास वाट मिळते. त्यामुळे दोन्ही सवयींचे धोके नुसते एकात एक मिळवले जात नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा अधिक पाकिटे सिगारेट ओढणाऱ्या आणि चारहून अधिक पेग घेणाऱ्या व्यक्तींना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका या दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत ३५ पटींहून अधिक आढळला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि यकृत यांच्या जोडीला पुढे मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन यांचीही नावे त्या यादीत आली. बिअर, वाइन, व्हिस्की असा भेद येथे नाही. दोष इथेनॉलचा आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट केले.

तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने तोंडाचे कर्करोग होतात हे महाराष्ट्रातील शहरी वाचकाला आता सांगावे लागत नाही. सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे रोज असते. पण संध्याकाळच्या पेल्याचा कर्करोगाशी संबंध आहे, हे अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते.

केसपेपरवरील कोरा रकाना

मद्याचा प्रश्न कर्करोग होण्यापाशी संपत नाही. उपचार सुरू झाल्यावर तो अधिक बिकट होतो, आणि नेमका तेव्हाच तो लपवला जातो. रुग्ण कमी सांगतो, पत्नी संकोचाने गप्प बसते, मुले विषय टाळतात. डॉक्टरांच्या प्रश्नाला अधूनमधून, कधीतरी, असे उत्तर मिळते आणि रकाना तसाच राहतो.

याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. नियमित पिणारा माणूस शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला की त्याचे मद्य एकाएकी बंद होते. पहिल्या दिवसातच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, नाडी वाढते. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन रुग्ण नळ्या ओढून काढू लागतो. डिलिरियम ट्रेमेन्स नावाची ही अवस्था जिवावर बेतू शकते. जबड्याच्या किंवा घशाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, ताजी जखम आणि श्वासनलिकेत नळी असताना हे घडले तर काय होईल याची कल्पना करता येते. रोज किती घेतले जाते हे आधी कळले असेल, तर औषधे देऊन हा प्रसंग बऱ्याच अंशी टाळता येतो. म्हणूनच नियमित व भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

इतर अडचणीही आहेत. दीर्घकाळ पिणाऱ्यांचे पोषण खालावलेले असते. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची उणीव असते. ती भरून न काढता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा पोहोचण्याचा संभव असतो. जखमा उशिरा भरतात, जंतुसंसर्ग वाढतो. यकृत बिघडलेले असेल तर केमोथेरपीच्या मात्रा बदलाव्या लागतात. किरणोपचारांनी सोलवटलेल्या तोंडाला मद्य अधिकच जाळते. मॉर्फिनसारख्या औषधांबरोबर घेतले तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. उपचारांनंतरही पिणे आणि धूम्रपान चालू राहिले, तर त्याच भागात दुसरा, नवा कर्करोग उद्भवण्याची शक्यता वाढते.

वेदनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्याला दुःख, एकटेपणा, भीती या साऱ्यांवर पेला हाच उतारा ठाऊक आहे, तो आजारपणात वेदनाशामक औषधांकडेही त्याच नजरेने पाहू शकतो. म्हणून वेदनाशमन करणारे अनेक डॉक्टर मद्याविषयी चार साधे प्रश्न आवर्जून विचारतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का, कुणी टोकले तर चीड येते का, अपराधी वाटते का, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा घ्यावीशी वाटते का. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जॉन युइंग यांनी ही प्रश्नावली तयार केली. तिचा उद्देश वेदनाशामक नाकारण्याचा नाही. व्यसनाचा इतिहास असलेल्या रुग्णालाही वेदनामुक्तीचा तेवढाच हक्क आहे. फक्त त्याच्या औषधांवर अधिक लक्ष ठेवावे लागते आणि त्याच्या मनालाही आधार द्यावा लागतो.

ग्रँट यांचे उदाहरण येथे विलक्षण आहे. कोकेनने आराम पडतो, पण त्याची सवय जडते आणि पुढे त्रास होतो, हे त्यांनी स्वतःवरून ताडले होते. डॉ. डग्लस यांना लिहिलेल्या चिठ्ठ्यांत त्यांनी या औषधाच्या बऱ्यावाईटाचा तटस्थपणे विचार केला आहे. बुद्धी स्वच्छ राहावी आणि पुस्तक पूर्ण व्हावे म्हणून ते मात्रा बेताने घेत. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या दुबळेपणाची ओळख पटलेल्या माणसाचे हे शहाणपण होते, असे मानायला जागा आहे.

अखेरचे पान

आत्मचरित्राचे प्रकाशक होते मार्क ट्वेन. इतरांनी देऊ केल्या होत्या त्याहून कितीतरी उदार अटी त्यांनी ग्रँट यांना दिल्या. जूनमध्ये ग्रँट यांना शहराच्या उकाड्यातून माउंट मॅकग्रेगरला हलवण्यात आले. आवाज गेल्यावर सांगून लिहवून घेणे थांबले आणि ते स्वतः लिहू लागले. जुलैच्या मध्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी सकाळी, त्यांनी देह ठेवला. न्यूयॉर्कमधील अंत्ययात्रेला लक्षावधी लोक लोटले. पार्थिवाला खांदा देण्याचा मान मिळालेल्यांत एकेकाळी त्यांच्याविरुद्ध लढलेले दक्षिणेचे सेनापतीही होते. पुस्तकाच्या तीन लाखांहून अधिक संचांची विक्री झाली आणि ज्युलिया ग्रँट यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. मरणाऱ्या पतीने आपला शब्द पाळला होता.

त्या पुस्तकात दारू नाही, याबद्दल ग्रँट यांना दोष देता येणार नाही. त्या काळी मद्यासक्ती हा आजार नव्हता, चारित्र्याचा डाग होता. कबुली दिली असती तर शत्रूंच्या हाती कोलीत मिळाले असते. ज्या थोड्यांना सारे ठाऊक होते, त्यांत रॉलिन्स होते. आणि त्यांनी ग्रँट यांना हिणवले नाही, सोडलेही नाही. ते जवळ राहून विचारत राहिले.

आज परिस्थिती बदलली आहे. व्यसनावर उपचार आहेत, व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे काम करीत आहे. तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका मद्य सोडल्याने किंवा कमी केल्याने घटतो, याचा पुरेसा पुरावा असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये काढला. तोंडात किंवा घशात दोन-तीन आठवडे बरे न होणारे दुखणे असेल तर पाच महिने थांबण्याचे कारण आता उरलेले नाही. उरला आहे तो संकोच.

कर्करोगाच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर जेव्हा पिण्याविषयी विचारतात, तेव्हा ते न्याय करीत नसतात, औषधाची मात्रा ठरवीत असतात. शेजारी बसलेल्या पत्नीने किंवा मुलाने तेथे खरे सांगणे ही बदनामी नव्हे, ती शुश्रूषाच आहे. ग्रँट यांनी जे पान कोरे ठेवले त्याची किंमत फार तर इतिहासाने मोजली. केसपेपरवरचे पान कोरे राहिले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.